आकाशातून दिसणारी भातखाचरं

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर विमानातून खाली पाहिलं, की नद्यांच्या मुखाजवळच्या हिरव्या दलदलीत सरळ रेघांचे चौकोन दिसतात. खाडीचे नैसर्गिक फाटे नागमोडी असतात; या रेघा माणसांनी खोदलेल्या आहेत.

ही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली भातखाचरं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आणि त्यांच्या वंशजांनी जंगल तोडून, चिखल उपसून मैलोन्‌मैल बांध घातले. सगळी शेती भरतीवर चाले. समुद्राचं पाणी चढलं, की त्याच्या रेट्याने नदीचं गोडं पाणी मागे सरून फुगतं. बांधाखालच्या लाकडी मोरीला दोन्ही तोंडांना झडपा असत. बाहेरची उचलली, की पाणी आतली झडप ढकलून शेतात शिरे. ओहोटी लागताच तीच झडप आतल्या पाण्याच्या दाबाने मिटे. गोव्यातल्या खाजण शेतांच्या बांधातलं ‘मानस’ हे झडपांचं दार उलट काम करतं: भरतीला मिटून खारं पाणी बाहेरच अडवतं.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली, इतर राज्यांतल्या भाताशी स्पर्धा वाढली, आणि १८९३ व १९११ च्या चक्रीवादळांनी बांध फोडले. शेती सुटली. आज काही खाचरं पाणपक्ष्यांसाठी राखली आहेत. झाडीत बुडालेले बांध लायडार, म्हणजे लेझरने जमिनीचा उंचसखलपणा मोजणारं तंत्र, उघडे करतं.

राबणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं इतिहासात उरली नाहीत. हे बांध त्यांच्या कौशल्याचा पुरावा आहेत. ते जपायलाच हवेत.