लघुतम साधारण विभाज्य आणि व्यवहारातील उदाहरणे

घरातील रुग्णास वैद्यांनी दोन औषधे सांगितली आहेत. एक दर ६ तासांनी व दुसरे दर ८ तासांनी द्यावयाचे. सकाळी ६ वाजता दोहोंची पहिली मात्रा दिली. ती पुन्हा एकाच वेळी द्यावयाचा प्रसंग केव्हा येईल? शुश्रूषा करणाऱ्यास हे आधी ठाऊक असलेले बरे. त्याच्या झोपेचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो.

पुष्कळ विद्यार्थी ६ × ८ = ४८ असे उत्तर देतात. ४८ तासांनी दोन्ही मात्रा एकत्र येतात हे खरे. परंतु तत्पूर्वी, २४ तासांनीच, त्या एकदा एकत्र येऊन गेलेल्या असतात. ६ म्हणजे २ × ३ आणि ८ म्हणजे २ × २ × २. दोहोंत समाईक असलेला २ हा अवयव गुणाकारात दोनदा मोजला गेला. तो एकदाच घेतला म्हणजे २ × २ × २ × ३ = २४ हा लघुतम साधारण विभाज्य मिळतो. नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात यास ‘निरुद्ध’ अशी संज्ञा देऊन अपूर्णांकांच्या बेरजेत त्याचा उपयोग दाखविला आहे.

मात्र एक गोष्ट शिकविताना बहुधा राहून जाते. वरील उत्तर बरोबर आले, ते दोन्ही क्रम एकाच क्षणी सुरू झाले म्हणून. समजा, दुसरे औषध सकाळी ७ वाजता सुरू केले. पहिल्याच्या वेळा ६ व १२ याच राहतील. दुसऱ्याच्या ७, ३ व ११ अशा येतील. एकीकडे सर्व सम अंक, दुसरीकडे सर्व विषम. कितीही दिवस लोटले तरी दोन्हींची गाठ पडावयाची नाही! तेच ८ वाजता सुरू केले असते, तर दोन्ही प्रथम मध्यरात्री एकत्र आली असती व पुढे दर २४ तासांनी. आरंभीच्या वेळांतील अंतरास ६ व ८ यांच्या महत्तम साधारण विभाजकाने, म्हणजे २ ने, निःशेष भाग गेला पाहिजे, ही येथील अट होय.

अंतरांना समाईक अवयवच नसेल, तर मात्र गुणाकार हाच लघुतम साधारण विभाज्य ठरतो. उत्तर अमेरिकेत सिकाडा नामक कीटकांचे काही समूह दर १३ वर्षांनी, तर काही दर १७ वर्षांनी जमिनीतून बाहेर पडतात. अशा दोन समूहांचे आगमन १८०३ मध्ये एकाच वर्षी झाले होते; १३ × १७ = २२१ वर्षांनी, २०२४ मध्ये, ते पुन्हा एकाच वर्षी अवतरले. यानंतरचा त्यांचा योग २२४५ मध्ये आहे.