केरेनचा डोंगर आणि मराठा पलटण



वैभववाडी-कणकवलीपासून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत कुठेही जा, पलटणीत कुणी गेलं नाही असं गाव सापडायचं नाही. आंबोलीचा घाट चढायचा आणि बेळगावला मराठा सेंटरात दाखल व्हायचं, ही आपल्याकडची जुनी वाट. म्हणून या अंकात लागण आणि खोडवा बाजूला ठेवून आम्ही केरेनविषयी लिहीत आहोत.

केरेन आफ्रिकेत, एरिट्रियात. १९४१ साली तो मुलूख इटलीच्या ताब्यात होता. अस्माराकडे जाणारा रस्ता तिथे अरुंद खिंडीतून चढतो. आपला करूळ घाट डोळ्यांपुढे आणा. दोन्ही अंगांच्या डोंगरांवर शत्रू, खाली उघड्यावर आपली माणसं, आणि रस्ता सुरुंगांनी उडवून बुजवलेला! ३ फेब्रुवारीला लागलेली लढाई २७ मार्चला संपली.

१५ मार्चला डोलोगोरोडोक किल्ल्यावर चाल झाली. किल्ला दरीपासून सुमारे दीड हजार फूट उंच. स्कॉटिश पलटण दिवसभर पायथ्याशीच ऊन आणि गोळीबार खात अडकून पडली. संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण निघाली आणि किल्ल्याच्या वाटेवरचं ‘पिनॅकल’ शिखर तिने घेतलं. शेजारची टेकडी फ्रंटियर फोर्सने घेतली, तेव्हा कुठे पहाटे यॉर्कशायरची पलटण किल्ल्यात शिरली. पुढे इटालियनांनी किल्ल्यावर उलटे हल्ले केले, पण किल्ला सुटला नाही.

आमच्या मते निम्मी लढाई ओझ्याची होती. खेचरं अपुरी पडली. पाणी, काडतुसं वर न्यायची, जखमी खाली आणायचे, सगळं माणसांच्या पाठीवर. लढणाऱ्या पलटणींतलीच माणसं हमाल झाली. मोळी डोक्यावर घेऊन बांधावरून गाडीपर्यंत येणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पदकं मात्र बहुधा पुढे धावणाऱ्यालाच मिळतात.

‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रेजिमेंटची गर्जना शिवकाळापासून चालत आली, असं पुष्कळांना वाटतं. रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, ‘जंगी पलटण’, उभी राहिली १७६८ साली, तीही कंपनी सरकारच्या चाकरीत. ही गर्जना पलटणीच्या परंपरेप्रमाणे १९४१ च्या केरेन मोहिमेतली. पावणेदोनशे वर्षांनी, इंग्रजांच्या लढाईत, महाराजांचं नाव! सिंधुदुर्ग किल्ल्यात ज्यांची शिवराजेश्वर म्हणून पूजा होते, त्यांचं नाव आपल्या पोरांना कुणी शिकवावं लागलं नसणार. रेजिमेंटचा दिवसही ४ फेब्रुवारी, म्हणजे १६७० साली कोंढाणा घेतला तो.

केरेनला युद्धस्मशान आहे. ज्या हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला गेला, त्यांची स्मृती तिथे वेगळी जपली आहे. ‘आफ्रिकेत गेले ते आलेच नाहीत’ एवढंच ज्या घरात सांगितलं जातं, तिथे नाव आणि पलटणीचा नंबर असलेला एखादा कागद असेल तर तो वाळवीच्या तोंडी देऊ नका. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत त्यावरून शोध घेता येतो.