शून्य पाऊस की कोरी नोंद?

वावरातलं हवामान : भाग ७

ऑगस्टमध्ये नरखेड तालुक्यातला संत्रा बागायतदार सकाळी उठला की त्याला पहिला प्रश्न पडतो, रात्री पाऊस किती झाला? आंबिया बहाराची फळं झाडावर असतात. झड लागली आणि बुंध्याशी पाणी साचलं की मूळकूज, डिंक्या आणि फळगळ पाठोपाठ येतात. चर मोकळे करायचे, फवारणी करायची की थांबायचं, हे त्या आकड्यावर ठरतं. म्हणून घराच्या गच्चीवर किंवा वावरात छोटं हवामान केंद्र बसवलेलं असतं. मोबाइल उघडावा तर मध्यरात्रीपासून रेघ सपाट आणि पावसापुढे शून्य. अंगणात मात्र पायरीपर्यंत पाणी.

हे शून्य पावसाचं नाही, तुटलेल्या जोडणीचं आहे. बरीच अ‍ॅप नोंद आली नाही तर ती जागा कोरी ठेवत नाहीत. दोन टोकं सरळ रेघेने जोडतात किंवा शून्य दाखवतात. मापक चालू होतं आणि पाऊस पडला नाही, ही एक गोष्ट. मापलेलं आपल्यापर्यंत पोचलंच नाही, ही दुसरी. ज्या तालुक्यात ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या पुराने मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसं गेली, तिथे पावसाच्या नोंदीतलं खिंडार किरकोळ मानता येत नाही.

मागच्या भागात पर्जन्यमापक कुठे आणि किती उंचीवर बसवायचं ते पाहिलं. आज त्याचा आकडा मोबाइलपर्यंत कसा येतो आणि वाटेत कुठे अडतो, ते पाहू.

बाहेरच्या संचात पाऊस एका छोट्या झुलत्या पळीत साठतो. पळी भरली की कलंडते. बहुतेक घरगुती संचांत एका कलंडण्याला ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर पाऊस धरतात. हा आकडा रेडिओ लहरींनी घरातल्या पडद्याच्या डब्यात येतो. तो डबा वाय-फायने राउटरशी बोलतो, राउटर फायबरने किंवा सिमने बाहेरच्या जगाशी, आणि तिकडच्या सर्व्हरवरून आकडा तुमच्या मोबाइलवर उतरतो. ‘नेट गेलं’ असं आपण एका शब्दात म्हणतो, पण बिघाड या चारपैकी कोणत्याही टप्प्यावर असू शकतो. म्हणून पहिलं काम एकच: मोबाइल बाजूला ठेवून घरातल्या पडद्याकडे बघा. तिथे तापमान आणि वारा बदलत असेल तर बाहेरचा संच शाबूत आहे, दोष पुढे आहे. तिथेच आडव्या रेघा दिसत असतील तर राउटरला हात लावून काही मिळणार नाही.

आडव्या रेघांचं कारण बहुधा साधं असतं. बॅटरी उतरलेली, सौर पट्टीवर धूळ आणि पाखरांची घाण, नाहीतर मध्ये आलेला अडथळा. कंपन्या शंभर किंवा तीनशे मीटरचा पल्ला सांगतात तो मोकळ्या मैदानातला. घराचं टिनाचं छप्पर आणि जाड भिंती त्याला बरंच खाली आणतात. संत्र्याची दाट ओली पालवीसुद्धा लहरी शोषून घेते, त्यामुळे उन्हाळ्यात नीट चालणारा संच पावसाळ्यात अडखळतो. पडद्याचा डबा बागेकडच्या खिडकीशी आणून ठेवला तरी अनेकदा भागतं.

आता खरा त्रासाचा टप्पा, डबा आणि राउटर यांच्यातला. इथे आपल्या भागातली मुख्य गोष्ट वीज आहे. कृषी फीडरवर थ्री फेज लाईन ठरावीक तासच मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. वावरातल्या खोलीत राउटर त्याच लाईनवर असेल तर उरलेले सगळे तास केंद्र मुकं असतं, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. गावातल्या घरीही वादळात डीपीवरून लाईन जाते. ती परत आली की हवामान केंद्राचा डबा काही सेकंदांत जागा होतो, फायबरचा डबा आणि राउटर यांना मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. केंद्राचा डबा वाय-फाय शोधतो, सापडत नाही, आणि काही स्वस्त संच पुन्हा शोधायचं सोडूनच देतात. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर डब्याची पिन काढून परत लावली की जोडणी येते. कायमचा उपाय हवा असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही एका छोट्या बारा व्होल्टच्या यूपीएसवर घ्या. दोघांची व्होल्टची गरज मात्र आधी वाचून घ्या. माझ्या मते केंद्र घेताना पहिला जादा खर्च करायचा तो यावर, वाऱ्याचा महागडा मापक नंतर.

दुसरं कारण नवा राउटर. बहुतेक घरगुती केंद्रं फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर चालतात. नव्या राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्ही असतात आणि दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं असतं. मोबाइल लगेच जोडला जातो, म्हणून वाय-फाय ठीक आहे असं वाटतं. केंद्र मात्र बाहेर उभं राहतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या आणि सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए-थ्री असेल तर तो डब्ल्यूपीए-टू करा. नाव आणि पासवर्डमध्ये देवनागरी अक्षरं किंवा इमोजी नकोत.

शंका उरली तर एक खात्रीची चाचणी आहे. राउटर बंद करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटला तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या आणि हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्‌झवर ठेवा. केंद्रात काहीही बदलायचं नाही. ते जोडलं गेलं आणि आकडे वर चढू लागले, तर केंद्र निर्दोष आहे आणि बिघाड राउटरचा किंवा फायबरचा आहे. जोडलं गेलं नाही तर केंद्राचीच सेटिंग तपासावी लागेल. अर्ध्या तासाची खटपट वाचते.

केंद्र स्वतःचा आयपी पत्ता दाखवत असेल तर तोही वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, केंद्राने आपला आपण घेतला आहे. राउटर एकदा बंद करून सुरू करा.

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा पेटला असेल तर बहुधा बाहेर तार तुटली आहे. घरात काहीही करू नका, कंपनीला कळवा. वावरातला सिमवाला संच असेल तर आधी रिचार्जची मुदत पाहा. बोलण्यासाठी न वापरलेल्या सिमची मुदत संपली हे महिनाभर लक्षात येत नाही. जुन्या संचांतले मोडेम फक्त टू-जीवर चालतात, आणि जिओच्या जाळ्यात टू-जी नाहीच. अशा संचात ते सिम कधीच चालणार नाही, टॉवर वावराच्या धुऱ्यावर असला तरी.

घड्याळाचीही एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. लाईन गेल्यावर काही संचांचं घड्याळ मागच्या एखाद्या वर्षावर जातं आणि नेट आल्याशिवाय दुरुस्त होत नाही. मग आकडे वर जातात, पण चुकीच्या तारखेखाली, आणि आज पाहिलं तर आज कोरा. घड्याळ भारतीय वेळेवर, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, आहे ना, ते पाहा.

एवढं झाल्याशिवाय रीसेटचं बटण दाबू नका. ही माझी आग्रहाची विनंती आहे. रीसेटने वाय-फायचं नाव, सर्व्हरची किल्ली, मापकाशी असलेली जोडणी आणि कित्येक संचांत साठवलेली जुनी नोंदही पुसली जाते. ज्या संचात स्मृती किंवा मेमरी कार्ड आहे, त्यात नेट नसतानाही आकडे जमा होत असतात आणि नंतर काढता येतात. दुरुस्तीच्या घाईत तेच गमावणं सगळ्यांत मोठं नुकसान.

केंद्र सुरू होईपर्यंत साधं मोजपात्राचं पर्जन्यमापक लावा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा धरतात. घरगुती केंद्राचा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. महसूल मंडळाच्या आकड्याशी आपला आकडा जुळत नाही अशी तक्रार ऐकू येते, तिचं एक कारण हे आहे. ज्या दिवसाचं मोजमाप नाही, तिथे वहीत ‘नोंद नाही’ असं स्पष्ट लिहा.

घरच्या केंद्राचा आकडा फळपीक विम्यात धरत नाहीत. तिथे भरपाई ठरते ती तुमच्या महसूल मंडळाच्या संदर्भ केंद्रावरून. राज्याने महावेध प्रकल्पात मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं उभारली, तीही सौर पट्टी, बॅटरी आणि सिमवरच चालतात. म्हणजे वर सांगितलेले बरेच बिघाड त्यांनाही होऊ शकतात. एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि तो आकडा त्या केंद्रातून वर पोचावा लागतो. आपल्या मंडळाचं केंद्र कोणत्या गावी, कोणत्या जागेत आहे ते माहीत करून घ्या. जाता-येता त्याची पट्टी, कुंपण, वाढलेलं गवत बघा. पावसाच्या दिवशी तिथला आकडा शून्य आणि तुमच्या वहीत चाळीस असेल, तर दुसऱ्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या, आणि शेजारच्या दोन-तीन बागायतदारांच्या वह्यांची नक्कल सोबत जोडा.