अष्टमकर कुणाला म्हणायचं?

धाटावच्या एमआयडीसीकडून रोह्यात आलात की कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी. नगरपरिषदेच्या नावातही दोघं जोडीनंच नांदतात: रोहा-अष्टमी. तरी ‘अष्टमकर’ हे आडनाव ऐकलं की बाहेरचा माणूस विचारतो, मूळपुरुष गोकुळाष्टमीला जन्मला होता काय? छे! तो अष्टमीचा राहणारा, इतकंच.

‘कर’ लागलं की माणूस हिंदूच, हा दुसरा समज. अष्टमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावं बेने इस्रायलींचीही आहेत. म्हणजे कोकणातल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यूंची. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. वंशज गावोगावी तेलाचे घाणे चालवू लागले. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद, त्यावरून नाव पडलं ‘शनिवार तेली’. गावं मात्र आडनावांत टिकली: किहीमकर, चेऊलकर, नवगावकर, दिवेकर. त्यांतून रायगडचा नकाशाच वाचता येतो.

पण ही आडनावं गावात रुजली असं समजू नका. अष्टमीत सगळेच अष्टमीचे. तिथे कोण कुणाला अष्टमकर म्हणणार? गाव सोडून मुंबई गाठली, पलटणीत नाव घातलं, की मागे राहिलेलं गाव नावाला चिकटायचं. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्यांचं मराठी नाव समाजी हसाजी. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी! आणि त्या सिनेगॉगला लोक म्हणत ‘जुनी मशीद’. नावांच्या बाबतीत आपण किती सढळ होतो.

रोह्याचा प्रत्येक जण रोहेकर होतो, असंही नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं, पण आडनाव वतनाचं. वतन असलं की गावाचं नाव कशाला लावायचं?

आणि आडनाव कानावर पडेनासं झालं म्हणजे घराणं बुडालं, हे तर साफ चूक. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले, हे एक कारण. दुसरं घरातलंच: शेवटी बापाचं नाव लावून थांबायची रीत. ‘बूट पॉलिश’मधला (१९५४) जॉनचाचा आपल्याला नुसता डेव्हिड म्हणून माहीत, तो डेव्हिड अब्राहम चेऊलकर. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा, ते १९३७-३८ चे मुंबईचे महापौर एलिजा मोझेस राजपूरकर. टॅक्सीवाल्याला ‘राजपूरकर रोड’ सांगून पाहा.