ब्रेक हाताला पोचतोय ना?

‘पोरगी घाबरट आहे हो, उतार आला की सायकलवरून खालीच उतरते!’ आपल्याकडे हे किती सहज बोललं जातं. मैत्रिणींनो, मुलीला सायकल घेताना आपण सीटची उंची बघतो, पुढे बास्केट आहे का बघतो, रंगसुद्धा बघतो. पण तिचा हात ब्रेकपर्यंत पोचतो का, हे कितीजणी बघतो?

आमच्या अलिबाग-रेवदंडा रस्त्याचंच घ्या. आक्षी, नागाव, चौल अशा वाड्यांमधून जाणारा हा अरुंद, वळणांचा रस्ता. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग. २०२० साली मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि मुंबईच्या गाड्या थेट बोटीतून इथे उतरू लागल्या. अशा रस्त्यावर ब्रेक वेळेवर लागणं म्हणजे जिवाचाच प्रश्न.

बचत गटातल्या एका ताईंनी आठवीतल्या लेकीची सायकल विकायला काढली होती. ‘तिला जमत नाही’ म्हणाल्या. मी मुलीला हँडल धरायला सांगितलं, तर बोटांची नुसती टोकं ब्रेकला लागत होती! जोर येणार कुठून? सायकलवाल्याकडे नेलं. दहा मिनिटांत काम झालं. आता ती त्याच सायकलवर शाळेत जाते.

काम साधंच असतं. वायरच्या ब्रेकच्या बऱ्याच सायकलींना ब्रेकच्या दांडीजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी हँडलजवळ येते. मग वायरचा ताण पुन्हा जुळवायचा. ब्रेक पूर्ण दाबला तरी दांडी हँडलला टेकता कामा नये, हे मात्र नक्की बघा.

दुसरी गोष्ट, शाळेत शिकलेली तरफ आठवा. दांडीच्या टोकाशी धरलं तर कमी जोर लागतो, मुळाशी धरलं तर जास्त. म्हणून दांडी हँडलवर थोडी आतल्या बाजूला सरकवून घ्या, म्हणजे बोटं आपोआप टोकावर पडतात.

आपल्या खाऱ्या हवेत वायर लवकर गंजते आणि ब्रेक जड होतो. अशी वायर बदलूनच टाका, ती काही फार महाग नसते. तेल वायरला चालेल, पण रिमला आणि ब्रेकच्या रबराला चुकूनही लावू नका.

जुन्या सळीच्या ब्रेकना सहसा ही सोय नसते. वाकड्या हँडलच्या रेसिंग सायकलींमध्ये मात्र बऱ्याच दांड्या जवळ आणता येतात. लहान हातांसाठी कमी वाकाचं हँडलही मिळतं. घेण्याआधी दुकानातच धरून बघा.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली चालवल्या. त्यांच्या जिद्दीला सलामच! पण प्रत्येक वेळी बाईनंच वस्तूशी का जुळवून घ्यायचं? कधी वस्तूलाही आपल्या हाताशी जुळवून घेऊ दे की!

आज लेक शाळेतून आली की तिला हँडल धरायला सांगा. मनगट न सरकवता दोन बोटं ब्रेकवर नीट बसली तर उत्तम. नाही बसली, तर तिला घाबरट म्हणण्याआधी एकदा सायकलवाल्याकडे जाऊन या.