नावात ‘संभाव्य’ का येतं?
कलबुर्गी-बिदरच्या तुरीवर घाटेअळी पडली की जैविक उपाय म्हणून बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, फवारता येतं. त्याचा सख्खा भाऊ बॅसिलस सीरियस. शिजवून तसाच ठेवलेल्या भातात वाढून तो उलट्या-जुलाब घडवतो. नेहमीच्या तपासणीत प्लेटवर दोघे सारखेच दिसतात, म्हणून अहवालात ‘संभाव्य सीरियस’ एवढंच लिहितात. जिवाणू ओळखायला वापरतात ते १६एस जनुकही दोघांत जवळजवळ एकच. बीटीची ओळख असलेली स्फटिक-प्रथिनाची जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या तुकड्यावर, असतात आणि प्लाझ्मिड गळूनही पडतं. संपूर्ण जनुकक्रम वाचला की वंश नेमका कळतो. फवारलेलं बीटी सीरियस समजलं जाऊ नये म्हणून २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कलबुर्गीच्या तूरडाळीला हीच नेमकी तपासणी मिळायला हवी. मात्र जुलाबाच्या विषाची काही जनुकं बीटीतही सापडतात. तीही तपासावीच लागतात.