तासिकेचा मास्तर आणि सभासदत्वाची पावती

करमाडहून शहराकडे निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. माझा धाकटा चुलतभाऊ तिथल्या एका कारखान्यात कायम कामगार आहे. मी शहरातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. तो बारावी नापास, मी नेट आणि पीएच.डी. दिवाळीत सगळे घरी जमलो होतो, तेव्हा त्याने सहज विचारले, "दादा, तुमची युनियन कोणती?" मी म्हणालो, "आमची नाही." तो हसला नाही. म्हणाला, "मग पैसे थकले तर साहेबाला विचारतं कोण?" जूनपासून घेतलेल्या एकाही तासाचे मानधन तोवर माझ्या हाती आलेले नव्हते. मी विषय बदलला. पण प्रश्न खरा होता.

तासिका तत्त्व म्हणजे काय हे शिक्षकांना सांगायला नको. आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांना मात्र त्याची घडण नीट ठाऊक नसते. मंजूर पद रिकामे असते. ते भरण्याऐवजी त्या पदाच्या कार्यभाराचे तुकडे पाडून ते दोघातिघांत वाटले जातात. आठवड्याच्या तासांना वरची मर्यादा, आणि जो तास प्रत्यक्ष घेतला त्याचेच पैसे. तासाची तयारी, आजारपण, सुटी हे सारे हिशेबाबाहेर. सत्र संपले की नेमणूक संपली. माणूस दहा वर्षे एकाच फळ्यासमोर उभा राहिला तरी दर जूनला तो नवा उमेदवार असतो. आपल्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पद रिकामे राहते तेव्हा त्या पदावरचे आरक्षणही रिकामे राहते. बिंदुनामावली कागदावर शुद्ध असते. त्या बिंदूवर ज्याने बसायचे, तो तासावर राबत असतो. म्हणून हा केवळ मानधनाचा प्रश्न आहे असे मी मानत नाही.

संशोधक विद्यार्थ्याची स्थिती याहून चमत्कारिक. तो प्रात्यक्षिके घेतो, परीक्षेच्या कामाला बसतो, विभागाच्या चर्चासत्राच्या खुर्च्या मांडतो, आणि हे सारे 'शिक्षणाचा भाग' म्हणून. त्याला मिळते ती अधिछात्रवृत्ती, वेतन नव्हे. ती थांबली की तो कोणाचाच नोकर नसल्यामुळे दाद कोणाकडे मागणार? 'बार्टी'च्या २०२२ च्या तुकडीतील संशोधकांना आपल्या अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घ काळ बसावे लागले. ते बसले ते अनुसूचित जातीचे विद्यार्थी म्हणून. काम करणारे म्हणून त्यांना बसता आले नाही, कारण त्या नात्याने त्यांची कुठे नोंदच नाही.

येथे कायद्याचा एक घोळ सोडवला पाहिजे. 'शिक्षक हा कामगार नाही, म्हणून त्याची युनियन होत नाही,' हे वाक्य आपल्याला वारंवार ऐकवले जाते. यात दोन निराळे प्रश्न एकत्र कालवले आहेत. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था 'उद्योग' ठरू शकते असे म्हटले. दहा वर्षांनी, १९८८ साली, गोव्यातील शाळेच्या शिक्षिका ए. सुंदरांबाळ यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की शाळा उद्योग असली तरी तिथला शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे. त्याचे काम अंगमेहनतीचे नाही आणि कारकुनीचेही नाही. शिपाई कामगार, कारकून कामगार, मास्तर मात्र नाही! अध्यापन हे उदात्त व्रत आहे असा त्यामागचा विचार. व्रत म्हटले की पैसे विचारायचे नसतात, हे आपल्या पूर्वजांनी गावकीची कामे करताना चांगले अनुभवले आहे.

पण या निकालाने बंद केले ते औद्योगिक न्यायालयाचे दार. संघटना करण्याचा हक्क त्या कायद्यातून येतच नाही. तो संविधानाच्या एकोणिसाव्या कलमातून येतो, आणि तिथे 'कामगार' हा शब्द नाही, 'नागरिक' हा शब्द आहे. १९२६ च्या कामगार संघ कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. तिने धर्मादाय आणि सामाजिक सेवेत गुंतलेल्या संस्थांना उद्योगाच्या व्याख्येतून वगळले आहे, आणि आपल्याकडील बहुतेक शिक्षणसंस्था स्वतःला तसेच म्हणवतात. तेव्हा या संहितेखाली नोंदणीवर वाद होईल हे धरून चालावे. संस्था नोंदणी कायद्याखाली संघटना नोंदवता येते. शिक्षकांच्या अनेक संघटना त्याच वाटेने गेल्या आहेत.

बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथेही हाच वाद झाला. पैसे घेऊन शिकवणारा विद्यार्थी हा विद्यार्थीच की नोकर? ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने कोलंबियाच्याच प्रकरणात निर्णय दिला की तो एकाच वेळी दोन्ही असू शकतो. विद्यापीठ तरीही सहजी बोलणीस आले नाही. नोव्हेंबर २०२१ पासून जानेवारी २०२२ पर्यंत संप चालला, तेव्हा पहिला करार झाला. ही संशोधकांची संघटना कोणत्या महासंघाशी जोडलेली आहे? मोटार कामगारांच्या! शेंद्र्यातही मोटारी बनतात. हे मी चुलतभावाला सांगितले तेव्हा त्याला त्यात नवल वाटले नाही. नवल वाटले ते मला.

आता आपल्या संघटनांकडे वळू. मराठवाड्यात महाविद्यालयीन प्राध्यापकांची 'बामुक्टो' आहे, वंचित समाजांतील शिक्षकांची 'मुप्टा' आहे, राज्यपातळीवर 'एम्फुक्टो' आहे. २०१३ साली एम्फुक्टोने परीक्षेच्या कामावर टाकलेला बहिष्कार सर्वांच्या लक्षात असेल. त्या लढ्यात सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या सेवेतील प्राध्यापकांचा प्रश्न प्रमुख होता. मागण्या अन्याय्य होत्या असे मी म्हणत नाही. पण तासिकेवरचा मास्तर त्या चित्रात कडेला उभा होता. विद्यापीठ कायद्याच्या व्याख्येतही 'शिक्षक' म्हणजे पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक. त्यामुळे अधिसभेच्या शिक्षक मतदारसंघात आम्हाला मत नाही. ज्याला मत नाही त्याची मागणी शेवटच्या क्रमांकावर जाते. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याची गरज नाही.

मग वेगळी चूल मांडावी काय? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. विणखात्यातच मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला, तेव्हा पुढाऱ्यांनी तो नाखुषीने मागण्यांत घेतला. दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आमच्या करमाडवरून जाणारी रेल्वे त्याच मनमाडला पोचते. तेथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, हे आपण सर्व सांगतो. त्याच भाषणातील एक बारीक तपशील आपण विसरतो. अस्पृश्य माणूस गँगमन होई, पण त्याला पोर्टर करीत नसत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत, आणि घरात आपला माणूस कसा चालणार? नोकरी रेल्वेची, पण तिची अट साहेबाच्या घरात ठरत होती. ज्या संशोधकाला मार्गदर्शकाच्या सहीसाठी त्याच्या घरची कामे करावी लागतात, त्याने हा तपशील पुन्हा वाचावा. तेव्हा घरकामामुळे नोकरी मिळत नव्हती. आता घरकाम केल्याशिवाय सही मिळत नाही.

माझे मत असे की आपण प्रस्थापित संघटनेत शिरावे, पण मोकळ्या हाताने नव्हे. आपली मागणी लिहून घेऊन, आणि पाहुणा म्हणून नव्हे, पावती असलेला सभासद म्हणून. आज आपण निवेदने देतो. निवेदन देणारा विनंती करतो; सभासद हिशेब विचारतो. यासाठी संघटनांच्या घटनेत काही गोष्टी बदलाव्या लागतील. 'सेवेत असलेला शिक्षक' एवढीच अट असेल, तर आम्ही एप्रिलअखेर आपोआप बाद होतो आणि जूनमध्ये, म्हणजे तासिकांची वाटणी होते नेमक्या त्या दिवसांत, आमचे नाव कुठल्याच यादीत नसते. म्हणून नेमणूक संपली तरी सभासदत्व संपू नये. वर्गणी तासांच्या प्रमाणात असावी. संशोधक विद्यार्थ्यांची शाखा असावी आणि तिला कार्यकारिणीत मताचा हक्क असावा, नुसते निमंत्रण नको. कायम प्राध्यापक याला कचरतील, कारण आमची संख्या मोजली तर मतांचे गणित बदलते.

आमच्याकडचा अडथळा मात्र भीतीचा आहे. सभासद झाल्याचे कळले तर पुढच्या जूनला तास मिळतील काय? कायम नोकराला काढायला कारण लागते. आम्हाला काढावे लागतच नाही, फक्त बोलवायचे नसते. या भीतीला पोकळ म्हणणे हे पगार सुरक्षित असलेल्या माणसाचे शौर्य आहे.

गेल्या महिन्यात करमाड स्टेशनच्या बाकावर आम्ही सात जण बसलो: पाच तासिकेवरचे, दोन संशोधक. एकीचे मानधन थकलेले, एकाची अधिछात्रवृत्ती. वर्गणी दरमहा पन्नास रुपये ठरली. पावतीपुस्तक चुलतभावाने आणून दिले. त्याच्या युनियनचे जसे असते तसेच, दोन प्रतींचे. नावे लिहायची की नुसते क्रमांक, यावर तासभर वाद झाला. तिघांनी नाव लिहिले, चौघांनी क्रमांक. क्रमांक कोणाचा कोणता ही यादी सध्या माझ्या घरी आहे. ती कोणाकडे ठेवायची हे पुढच्या रविवारी ठरेल.